मामाच्या विहिरीला दिल्लीचं मीटर लागणार नाही

सकाळी साडेसहाला मामाचा फोन आला की एकतर कोणीतरी गेलेलं असतं, नाहीतर व्हॉट्सअ‍ॅपवर काहीतरी आलेलं असतं. परवा दुसरं होतं. "अरे, विहिरी केंद्राच्या नावावर व्हायच्या म्हणतात. 31 तारखेच्या आत फॉर्म भरायचा. एक जण आलाय वस्तीवर, अडीच हजार मागतोय. देऊ का?"

मजकूर मागवून घेतला. तीन परिच्छेद, सहा उद्गारचिन्हं. थोडक्यात असा: 2019 मध्ये जलशक्ती मंत्रालय झालं आणि देशाच्या इतिहासात पहिल्यांदा सगळं पाणी एका खात्याखाली आलं. त्यामुळे नद्या, धरणं, भूजल आता केंद्राच्या मालकीचं. पर्यावरण मंत्रालय जलशक्तीत विलीन. आणि प्रत्येक शेतकऱ्याच्या विहिरीला मीटर बसणार, पाण्यावर कर लागणार, नोंदणी न केल्यास मोटारीची वीज तुटणार. खाली "जास्तीत जास्त शेअर करा."

विहिरीचंच आधी घेतो, कारण अडीच हजार त्यावर मागितले जातायत.

भूजलावर देखरेख करणारं केंद्राचं प्राधिकरण जलशक्तीच्या आधी बावीस वर्षांपासून आहे. केंद्रीय भूजल प्राधिकरण 1997 साली सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशामुळे स्थापन झालं, तेही 1986 च्या पर्यावरण संरक्षण कायद्याखाली. म्हणजे कायदा पर्यावरण खात्याचा आणि प्राधिकरण जलसंपदेकडे, असा संसार तेव्हापासूनच चाललेला आहे. याच प्राधिकरणाच्या कामाचे आजचे नियम 24 सप्टेंबर 2020 च्या अधिसूचनेत आहेत. ती जलशक्ती मंत्रालयानेच काढलेली आहे. मजकूर लिहिणाऱ्याने ती उघडली असती तर लेख तिथेच संपला असता. भूजल उपशाच्या परवान्यातून कोणाला सूट, याची यादी त्यात सरळ दिली आहे: पिण्यासाठी आणि घरगुती वापरासाठी पाणी उपसणारी घरं, गावच्या पाणीपुरवठा योजना, सैन्यदलाच्या आस्थापना, दिवसाला दहा घनमीटरपेक्षा कमी उपसा करणारे सूक्ष्म व लघु उद्योग. आणि शेती. नोंद घ्या, "लहान शेतकरी" नाही, "पाच एकरपर्यंत" नाही. शेती.

मग परवाना आणि शुल्क कोणाला? कारखाने, खाणी, मोठे बांधकाम प्रकल्प आणि बोअरवर चालणाऱ्या शहरातल्या गृहनिर्माण सोसायट्या. हा मजकूर मामाकडे पुण्यातल्याच एका नातेवाइकाकडून गेला होता. त्यांच्या सोसायटीत दोन बोअर आणि एक पोहण्याचा तलाव आहे. शेतकऱ्याची काळजी करण्याआधी त्यांनी खालच्या मजल्यावरच्या सेक्रेटरींना दोन प्रश्न विचारायला हरकत नाही.

आता नाइलाजाने एक गोष्ट मान्य करतो. विहिरींची नोंदणी आणि उपकर हे दोन शब्द अगदीच हवेतून आलेले नाहीत. महाराष्ट्राचा 2009 चा भूजल कायदा आहे, तो 1 जून 2014 पासून लागू आहे, आणि त्यात विहिरींच्या नोंदणीचं कलम आहे. अधिसूचित क्षेत्रातल्या खोल विहिरींवर उपकराची तरतूदही आहे. पण हा कायदा राज्याचा, मुंबईत झालेला, जलशक्ती मंत्रालयाच्या जन्माआधीचा. आणि खोल म्हणजे किती? 60 मीटरपेक्षा जास्त, साधारण तेहतीस परस. मामाची विहीर नऊ परस आहे आणि एप्रिलात तिचा तळ दिसतो. त्या कायद्याबद्दल वाद घालायचा तर घाला, मीही घालीन. फक्त त्यावर दिल्लीचा शिक्का मारून वस्तीवर पावत्या फाडू नका.

मालकीचा मुद्दा तर असा मांडलाय की जणू पाटी बदलली आणि खरेदीखत झालं. पाणी राज्यघटनेच्या राज्यसूचीत आहे, सतरावी नोंद: पाणीपुरवठा, सिंचन, कालवे, बंधारे, साठे. केंद्रसूचीतली छप्पन्नावी नोंद आंतरराज्य नद्यांच्या नियमनाची, तीही संसद कायद्याने ठरवील तेवढीच. खात्यांची फेररचना होते ती 1961 च्या कार्यवाटप नियमांत बदल करून. कोणतं काम कोणत्या मंत्रालयाकडे, एवढंच त्या नियमांत असतं. तलाठ्याचं दप्तर एका कपाटातून दुसऱ्या कपाटात गेलं म्हणून शेताचा बांध सरकत नाही. कृष्णेच्या पाण्यातले महाराष्ट्राचे 560 टीएमसी (म्हणजे अब्ज घनफूट) राज्यांमधल्या पाणीवाटपाच्या बच्छावत लवादाने ठरवले, त्याचा अंतिम निवाडा 1976 चा. तेव्हापासून दिल्लीत या खात्याच्या पाट्या किती वेळा रंगवल्या गेल्या. 1985 ला जलसंपदा, 2014 ला त्याच नावात नदी विकास आणि गंगा, 2019 ला जलशक्ती. त्यातल्या एकाही पाटीमुळे तो आकडा हलला नाही.

"सगळं पाणी एका छताखाली" हे तर निव्वळ चुकीचं आहे. पावसाचा अंदाज सांगणारं हवामान खातं भूविज्ञान मंत्रालयात. पाणलोटाची कामं ग्रामविकास मंत्रालयाच्या भूसंसाधन विभागात. जलविद्युत ऊर्जा मंत्रालयाकडे, शहरांचा पाणीपुरवठा नगरविकासाकडे. नांदूर मधमेश्वर आणि लोणार ही रामसर स्थळं, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागा, पर्यावरण मंत्रालयाकडे. नदीत कोण काय सोडतंय हे बघणारं, 1974 च्या कायद्याने आलेलं केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळ, तेही पर्यावरणाकडेच.

2019 ला खरोखर काय झालं, तर जलसंपदा आणि पेयजल ही दोन मंत्रालयं एक झाली. हे चांगलंच झालं, असं माझं मत. धरण एकाचं, नळ दुसऱ्याचा, हा घोळ थोडा कमी झाला. शिवाय गंगा सोडून बाकीच्या नद्यांच्या शुद्धीकरणाचं राष्ट्रीय नदी संवर्धन संचालनालय पर्यावरणाकडून जलशक्तीत आलं. पुणेकरांना हे माहीत असायला हवं, कारण मुळा-मुठेचा जानेवारी 2016 मध्ये मंजूर झालेला 990 कोटींचा प्रकल्प याच संचालनालयाचा. मूळ मंजुरी एका मंत्रालयाची, पुढचा कारभार दुसऱ्याचा. नदीला हे कोणी कळवलेलं दिसत नाही. संगम पुलावर मे महिन्यात दोन मिनिटं उभं राहून बघा. फेररचनेवर टीकाच करायची तर इथे करा ना! नदी स्वच्छ करणारे एका मंत्रालयात आणि ती घाण करणाऱ्यांवर नजर ठेवणारे दुसऱ्यात, यावर त्या तीन परिच्छेदांत एक अक्षर नाही.

पर्यावरण मंत्रालय विलीन वगैरे काही झालेलं नाही. जोरबागेत इंदिरा पर्यावरण भवन आहे, मंत्री आहेत, 2014 पासून नावात "हवामान बदल" जास्तीचं आहे. पुढे.

हे सगळं मामाला फोनवर सांगितलं, अर्थात एवढं नाही. "मामा, पैसे देऊ नका. दिलेत का?"

"पैसे नाही रे दिले. आधारची झेरॉक्स आणि पासबुकाचा फोटो तेवढा कालच नेला त्याने. म्हणाला, ऑनलाइनला लागतो." आणि मग जरा थांबून, "मोबाइलवर नंबर आलेला, तो पण विचारला होता."

शुक्रवारी गावी निघालोय. आधी बँकेत, मग ठाण्यात. वस्तीवरच्या अजून अकरा जणांनी कागद दिलेत म्हणे.