विमानं ग्वाल्हेरला, डायऱ्या लंडनला

मागच्या वर्षी मे महिन्यात, म्हणजे २०२५ला ऑपरेशन सिंदूर चालू होतं तेव्हा, आमच्या फॅमिली ग्रुपवर जी जुंपली ती अजूनही मधूनमधून धुमसते. कारण तसं किरकोळ. ताईचा मुलगा, बारावीतला, घर ग्वाल्हेरच्या दीनदयाळ नगरला, म्हणजे महाराजपुऱ्याचा एअरबेस उशाशीच. त्या पोराला विमानांचं वेड. त्याने गच्चीवरून मिराज या लढाऊ विमानाचा फोटो काढला आणि वेळेसकट स्टेटसला टाकला. झालं! ग्वाल्हेरच्याच लष्कर भागातून नानाकाकांचा तीन मिनिटांचा व्हॉइस मेसेज, त्यात देशद्रोहापासून संस्कारांपर्यंत सगळं आलं. त्यावर धाकटे जावई म्हणाले, अहो काका, वर सॅटेलाइट फिरतायत, शत्रूला सगळं दिसतं, पोराला कशाला ओरडता. मग ताई म्हणाली की मुळात हे विमानांचं खूळ बंद कर आणि जेईईचा अभ्यास कर. आणि मग सगळ्यांनी मला टॅग केलं, कारण मी इंग्लंडमध्ये राहतो म्हणजे मला सगळं कळतं असा एक गोड गैरसमज आहे.

मला विचाराल तर फोटोच्या बाबतीत नानाकाका बरोबर होते, भाषा सोडून. जावयांचा सॅटेलाइटवाला मुद्दा ऐकायला बरा वाटतो पण तो आळशी आहे. वरून सॅटेलाइट गेलं तर त्या क्षणी काय उभं आहे ते दिसतं, पण किती वाजता किती विमानं उडाली, पंखाखाली काय लटकत होतं आणि परत किती आली हे गच्चीवरच्या माणसाला जास्त चांगलं कळतं. आणि ग्वाल्हेर म्हणजे काही साधा बेस नाही, फेब्रुवारी २०१९ला बालाकोटला गेलेली मिराज इथलीच, हवाई डावपेच शिकवणारी टॅकडे ही संस्थाही इथेच. एप्रिल २०२५मध्ये सरकारने चॅनेलवाल्यांना सैन्याच्या हालचाली लाइव्ह दाखवू नका म्हणून बजावलं होतं. मग जे चॅनेलला लागू ते गच्चीला का नको?

पण ताई जे म्हणाली ना, की हे खूळच बंद कर, तिथे माझं पटत नाही. आणि त्यासाठी मी राहतो तिथली एक गोष्ट सांगतो.

मी कोल्चेस्टरला असतो, एसेक्समध्ये. जवळच बॉक्स्टेड नावाचं गाव, दुसऱ्या महायुद्धात तिथे अमेरिकन एअरबेस होता, १९४४ला ५६ व्या फायटर ग्रुपची थंडरबोल्ट विमानं तिथून उडायची. त्याच पट्ट्यात रॉजर फ्रीमन नावाचा शेतकऱ्याचा पोरगा होता, जन्म १९२८चा, म्हणजे तेव्हा आमच्या भाच्याच्याच वयाचा. विमानं बघायची, नंबर आणि खुणा पाठ करायच्या, हेच त्याचं वेड. लक्षात घ्या, तेव्हा इथे भिंतीभिंतीवर तोंड आवरा, बडबडीने माणसं मरतात अशी सरकारी पोस्टर्स होती. युद्ध संपलं, अमेरिकन घरी गेले, धावपट्ट्यांवर परत शेती झाली, आणि हा गडी आयुष्यभर डेडहॅमला शेती करत राहिला. शेती सांभाळून पत्रं लिहायची, जुन्या वैमानिकांना शोधायचं, मेकॅनिकना शोधायचं, फोटो मागवायचे, एकाचं सांगणं दुसऱ्याशी ताडून बघायचं. १९७०ला त्याचं ‘द मायटी एट्थ’ आलं, अमेरिकेच्या आठव्या हवाई दलाचा इतिहास, ज्या दलाची २६,००० माणसं युद्धात गेली. आज अमेरिकेत सव्हॅनाजवळ त्या दलाचं म्युझियम आहे आणि तिथल्या रिसर्च सेंटरला नाव कोणाचं, तर या एसेक्सच्या शेतकऱ्याचं. तो २००५ला गेला. त्याने जमवलेले हजारो फोटो आता इथल्या वॉर म्युझियमने स्कॅन करून सगळ्यांसाठी खुले केलेत. म्हणजे कधी सैन्यात नव्हता, इतिहासाचा प्रोफेसर नव्हता, आणि पोट शेतीवर होतं, पुस्तकांवर नाही, हे ताईने विशेष वाचावं.

आपल्याकडे असे लोक झाले नाहीत असं अजिबात नाही हं. पुष्पिंदर सिंग चोप्रा हे नाव आपल्यातल्या किती जणांना माहीत आहे? १९७४ला त्यांनी ‘वायू’ हे विमानविद्येचं नियतकालिक सुरू केलं आणि मरेपर्यंत चालवलं, २००७ला भारतीय हवाई दलाचा तीन खंडांतला इतिहास काढला. मे २०२१ला कोविडमध्ये गेले, त्या धबडग्यात कोणाच्या लक्षातही आलं नाही. मला वाटतं त्यांचं काम फ्रीमनपेक्षा कठीण होतं, कारण फ्रीमनला कागद मिळत गेले आणि यांना ते मिळवावे लागले, ओळखीपाळखीने, गोडीगुलाबीने, निवृत्त अधिकाऱ्यांच्या दिवाणखान्यांत बसून.

आता कागदांचंच बोलू, कारण माझा खरा राग तिथे आहे. लंडनला क्यू नावाच्या भागात नॅशनल आर्काइव्ह्ज आहे, म्हणजे जुन्या सरकारी कागदांचं भांडार. रीडर्स तिकीट काढायचं, पेन बाहेर ठेवायचं, फक्त पेन्सिल चालते, मोबाइलने फोटो काढा हवे तेवढे, फुकट. तिथे एआयआर २७ नावाच्या मालिकेत स्क्वॉड्रनच्या, म्हणजे विमानांच्या तुकड्यांच्या, युद्धकाळातल्या डायऱ्या आहेत, आणि त्यात आपल्याही आहेत. आज ग्वाल्हेरला मिराज उडवणारी आपली नंबर १ स्क्वॉड्रन १९४४ला इंफाळला हरिकेन लढाऊ विमानं उडवत होती, अर्जन सिंग तिचे प्रमुख होते. नंबर ७, जी १९८५ला मिराज घेणारी पहिली, ती तेव्हा व्हेंजन्स बॉम्बर उडवायची. डायरीच्या रकान्यांत तारीख, विमानाचा नंबर, कोण उडवत होतं, कामगिरी काय, किती वाजता उडालं, किती वाजता उतरलं, सगळं टाइप केलेलं. आणि कधीकधी उतरल्याच्या वेळेचा रकाना कोराच असतो. शेजारी दोन ओळी, परत आलं नाही एवढंच. हे वाचायला मला, ग्वाल्हेरच्या माणसाला, क्यूचंच दार ठोठावावं लागतं, आणि माझ्या भाच्याला १९७१चं असलं काही वाचायचं म्हटलं तर?

१९७१च्या युद्धाचा अधिकृत इतिहास संरक्षण मंत्रालयानेच लिहून घेतला आणि मग कपाटात ठेवला. २०००मध्ये एका इंग्रजी पेपरने तो इंटरनेटवर टाकला तेव्हा लोकांनी वाचला. आकाश काही कोसळलं नाही. जून २०२१ला मंत्रालयाने नवं धोरण जाहीर केलं, की सर्वसाधारणपणे २५ वर्षांनी कागद खुले करायचे आणि युद्धाचा इतिहास पाच वर्षांत लिहायचा. धोरण चांगलंय, मी तेव्हा ग्रुपवर फॉरवर्डही केलं होतं, कोणी अंगठासुद्धा दाखवला नाही. आता हिशेब करा. कारगिल १९९९. मिराजने टायगर हिलवर लेसरने नेम धरणारा बॉम्ब टाकला तो २४ जून १९९९. पंचवीस वर्षं २०२४लाच झाली की! आपल्या शहरातल्या विमानांचा सगळ्यात गाजलेला पराक्रम, त्या मोहिमेच्या स्क्वॉड्रन डायऱ्या बारावीच्या पोराला का वाचता येऊ नयेत? आजचा फोटो टाकू नको हे त्याला सांगायचा अधिकार आपल्याला आहे, पण पंचवीस वर्षांपूर्वीचं दाखवा हे मागायचा त्याचाही आहे, आणि आपल्या वादात या दोन्ही गोष्टींची नेहमी खिचडी होते.

नानाकाकांचं यावर ठरलेलं उत्तर, की गोऱ्यांचे गोडवे गाऊ नकोस. बरं, नाही गात. ब्रिटिशांनी वसाहतींच्या हजारो फायली हॅन्स्लोप पार्क या सरकारी ठिकाणी दडवून ठेवल्या होत्या, त्यांच्या राजवटीत छळ सोसलेल्या केनियातल्या म्हाताऱ्यांनी कोर्टात खेचलं तेव्हा २०११ला त्या असल्याचं कबूल केलं. २००१ला ग्रीसमध्ये विमानांचे नंबर टिपणाऱ्या बारा ब्रिटिश आणि दोन डच छांदिष्टांना हेर म्हणून पकडलं होतं, शिक्षासुद्धा झाली, अपिलात सुटले, आणि ग्रीस तर नाटोमधलाच देश. म्हणजे संशयी काका सगळीकडे असतात. पण एक बघा, आपण ज्या ऑफिशियल सिक्रेट्स अ‍ॅक्टने आजही लोकांना धाक दाखवतो तो १९२३चा आहे, इंग्रजांनी आपल्याला गप्प ठेवायला केलेला. त्यांनी त्यांचे त्या जातकुळीचे जुने कायदे २०२३ला मोडीत काढून नवा आणला. आपण मात्र त्यांचा जपून ठेवलाय.

भाच्याला मी फोनवर एवढंच सांगितलं की स्टेटस नको, वही घे. आणि वहीत विमानं नको, माणसं लिही. २९ जून १९८५ला पहिली सात मिराज ग्वाल्हेरला उतरली, त्या वेळचे टेक्निशियन, फ्रान्सला जाऊन ट्रेनिंग घेऊन आलेले, आज सत्तरीच्या आसपास असतील. एअरफोर्सचे रिटायर्ड लोक त्याच भागात घरं बांधून राहिलेत, पिंटो पार्कला, आदित्यपुरमला, सकाळी दुधाच्या पिशव्या घेऊन फिरतात. त्यांना रडारचं विचारायचं नाही, रेंजचं विचारायचं नाही. जून महिन्यात ग्वाल्हेरच्या उन्हात पत्रा तापून हात भाजायचे तेव्हा काम किती वाजता सुरू करायचात, फ्रेंच मॅन्युअल कोण वाचून दाखवायचं, घरच्यांना काय सांगून फ्रान्सला गेलात, हे विचार. त्यावर तो म्हणाला, मामा, हे ऐकायला कोण बसलंय? मी म्हटलं, आधी तू बस, आणि जेईई पण दे, नाहीतर तुझी आई मला ग्रुपमधून काढेल.