थ्री फेज धनुष्य

शेजारच्या बापूंशी सध्या मी कामापुरतंच बोलतो. पोरीला हे मुळीच पटत नाही. तिच्या मते बापूआजोबा नसते तर धनुष्य तिच्या मापाला लागलंच नसतं. पैसे भरले मी, पुण्याहून खोकं आणलं मी, मापं काढली मी. पण श्रेय वीज मंडळाच्या रिटायर लाईनमनला.

धनुष्याचं खूळ बर्लिनहून आलं. ऑगस्ट २०२३ मध्ये तिथल्या जागतिक स्पर्धेत नागपूरचा ओजस देवतळे आणि साताऱ्याची अदिती स्वामी हे दोघंही कंपाउंड धनुष्यात जगज्जेते झाले. ओजसनं फायनलला १५० पैकी १५० मारले. अदिती तेव्हा १७ वर्षांची. पोरीनं ते व्हिडिओ पाठ केले. २०२८ च्या ऑलिंपिकला कंपाउंडची मिश्र सांघिक स्पर्धा असणार हे कळल्यावर तर घरात दुसरा विषयच उरला नाही. एक नागपूरचा, एक साताऱ्याची. मधे आम्ही, परभणीकर. रस्त्यांचा अनुशेष, पाण्याचा अनुशेष, त्यात आता पदकांचाही. असो.

नव्या धनुष्याची किंमत ऐकून बायकोनं नुसतं माझ्याकडं पाहिलं. मग पुण्यातल्या एका पोराचं वापरलेलं मिळालं. त्याला बारावीनं गाठलं होतं. कंपाउंड म्हणजे रामनवमीच्या मिरवणुकीतलं धनुष्य नव्हे. दोन्ही टोकांना कॅम म्हणतात ती वाकडी चाकं, त्यांच्यावरून फिरणारी एक दोरी आणि दोन केबली. पुण्याच्या पोरानं खेच, म्हणजे दोरी किती मागं ओढायची ते, २८ इंचांवर आणि ताकद, म्हणजे ओढायला लागणारा जोर, ४० पौंडांवर ठेवलेली. आमची पोर बारा वर्षांची. दोन्ही हात पसरून या बोटापासून त्या बोटापर्यंत मोजायचं आणि अडीचनं भागायचं. ५७ इंच भरले, म्हणजे खेच साधारण २३. ताकद वीसच्या आत. हे धनुष्य लहानमोठ्या सगळ्यांना बसवता येतं, म्हणून तर घेतलं. कॅमवरचे स्क्रू काढून खेच ठरवणारा तुकडा, म्हणजे मॉड्यूल, सरकवायचं, दोन्हीकडं सारखंच. मग पात्यांचे, म्हणजे धनुष्याच्या वाकणाऱ्या दोन हातांचे, बोल्ट ॲलन कीनं सैल करायचे, तेही दोन्हीकडं सारखेच आणि पुस्तकात सांगितलेल्या आट्यांपलीकडं नाहीच. शांतपणे करायचं काम.

गच्चीवर सतरंजी टाकून बसलो, आणि पलीकडच्या गच्चीवरून आवाज आला.

"काय करायलाव सर?"

सांगितलं. सांगायला नको होतं असं नाही. न सांगताही ते आलेच असते. कठडा ओलांडून आले, कमरेवर हात ठेवून पाहिलं आणि म्हणाले, "तीन तारा हैत. थ्री फेज हाय का ह्ये?"

"बापू, धनुष्य आहे."

"ते दिसायलंय की. न्यूट्रल कोणती?"

पोर हसली. ती हसल्यावर बापूंना चेव येतो. म्हणाले, थ्री फेज असेल तर दिवसा चालणार नाही, आपल्याकडं शेताला थ्री फेज रात्रीच येते. मी समजावलं, की सुरुवातीला जोर लावावा लागतो आणि पुढं कॅम फिरले की ओढ ऐंशी टक्क्यांपर्यंत कमी होते. वीस पौंडांचं धनुष्य नेम धरताना चारच पौंडांवर पेलता येतं.

"म्हणजे लोडशेडिंग!" बापू म्हणाले.

एवढ्यात खरंच लाईट गेली. बापूंनी लगेच कुणाला तरी फोन लावला, "कोणता फीडर पडलाय रं?" असं दरडावून विचारलं आणि तेवढ्यात दुसऱ्या हातानं धनुष्य उचललं. "लाईन चालू करून बघू," म्हणत दोरी ओढायला लागले. बाण नसताना.

मी ओरडलो. चांगला ओरडलो. बाण न लावता दोरी सोडली की सगळा जोर पात्यांवरच उलटतो. पातं तडकतं, दोरी कॅमवरून उडते, डोळाही जाऊ शकतो. तीन-चार फूट अंतरावर माझी पोर उभी होती. यात गमतीचं काही नाही, आणि हे लिहितानाही मला हसू येत नाही.

"अकरा केव्हीच्या लाईनीला भ्यालो नाही सर मी," बापू दुखावून म्हणाले. मग धनुष्य हळूच खाली ठेवलं, माझ्या हातातली ॲलन की काढून घेतली आणि म्हणाले, "तुम्ही टॉर्च धरा. हेल्परशिवाय काम होत नसतं."

मी टॉर्च धरला. माझ्याच गच्चीवर. वर "हिकडं धरा, हिकडं, लक्ष कुठंय" हेही ऐकून घेतलं.

पण खरं झोंबलं ते बाणांवरून. धनुष्यासोबत कार्बनचे बाण आले होते. मी एकेक बाण दोन्ही टोकांना धरून हलकासा वाकवला, कुठं करकर ऐकू येते का पाहिलं. तडा गेलेला कार्बन सुटताना फुटला तर हातात घुसतो. बाण धड होते, पण सगळ्यांवर ४०० लिहिलेलं. पोरीला हजाराच्या आसपासचे नरम बाण हवेत. हा आकडा बाण किती वाकतो त्याचा, म्हणून आकडा वाढला की बाण नरम, हे उलटं गणित मी रात्री जागून समजून घेतलं होतं. ते बापूंना समजावताना म्हणालो, २८ इंचांवर दोन टेकू, त्यावर बाण, मधे ८८० ग्रॅमचं वजन...

"झोळ!" बापू म्हणाले. "दोन खांबांमधल्या तारेचा झोळ मोजायचा. सरळ सांगायचं की सर, किती फिरवायलाव."

पोरीनं माझ्याकडं पाहिलं. प्राध्यापक माणसाकडं असं पाहू नये.

धनुष्य लागलं, हे कबूल. पण नवे बाण मागवायचेत. दोरी आणि केबल जुनी आहे, ती बदलायला धनुष्य दाबून धरणारा प्रेस लागतो, आणि तो गावात कुणाकडं मला सापडला नाही. पुन्हा पुणं, पुन्हा ट्रॅव्हल्सचं तिकीट, पुन्हा रजा. पोरानं क्रिकेट खेळावं, नाहीतर बापानं खोकी वाहावीत, अशीच इथली सोय.

बापू म्हणतात, प्रेस कशाला, खांबाची तार ताणायचं यंत्र आहे घरी. रविवारी घेऊन येतो. मी नको म्हणायच्या आत पोर म्हणाली, "या की आजोबा. टॉर्च बाबा धरतील."