अलूफ आणि होस्टाइल एका माळेत नका ओवू

लेख आवडला पण अलूफ (aloof), सर्ली (surly), होस्टाइल (hostile) या सगळ्या इंग्रजी शब्दांचा अर्थ 'मनमिळाऊ नसलेला' एवढाच देऊन मोकळे झालात ते काही पटलं नाही. अलूफ माणूस कोणाचं वाईट करत नाही हो, तो नुसता लांब राहतो, शब्द मुळात जहाजावरचा आहे, जहाजाचं तोंड वाऱ्याकडे वळवून किनाऱ्यापासून लांब ठेवायचे त्यावरून आलाय. त्याला माणूसघाणा म्हणणं पण जरा जास्तच होईल. सर्ली म्हणजे आपला तुसडा, साधं काही विचारलं तरी वसकन अंगावर येणारा. गंमत म्हणजे हा शब्द 'सर' वरून निघालाय, आधी अर्थ होता साहेबी तोरा मिरवणारा, मग स्पेलिंग बदललं आणि अर्थही घसरला.

होस्टाइलचं प्रकरण वेगळंच, लॅटिनमध्ये होस्टिस म्हणजे शत्रू, त्यामुळे त्यात वैर आलंच. आपल्याला तो कोर्टाच्या बातम्यांतून जास्त माहीत, साक्षीदार होस्टाइल झाला, मराठी पेपरात फितूर झाला असं येतं. पण २०२४ पर्यंत लागू असलेल्या १८७२ च्या पुरावा कायद्यात कलम १५४ मध्ये होस्टाइल शब्दच नव्हता, ज्याने साक्षीदार आणला त्यालाच उलटतपासणीसारखे प्रश्न विचारायची परवानगी कोर्ट देऊ शकतं एवढंच म्हटलं होतं.

बाकी खडूसला इंग्रजीत काय म्हणाल? ग्रम्पी मला तरी बसत नाही, आपण खडूस कधीकधी लाडाने पण म्हणतो ना