प्रेरणादायी माणूस घरात असणे

पुण्यात राहून दुपारी झोपायची चोरी, याच्यासारखी शिक्षा नाही. सध्या कोथरूडमध्ये मी ती भोगतोय. जरा आडवं व्हायचं म्हटलं तरी पडदा ओढून, मोबाईल सायलेंटवर टाकून, दारातल्या चपला आत घेऊन. कारण मी सेल्फ हेल्पचं पुस्तक लिहिलंय आणि त्यातल्या दुसऱ्या प्रकरणात दुपारच्या झोपेबद्दल मी जे काही ठोकून दिलंय ते सोसायटीतल्या यच्चयावत लोकांनी वाचलंय. विकत घेऊन नाही हां. एकच कॉपी आहे, ती बी विंगमध्ये फिरतीय.

त्याआधी वीसेक वर्षं हिंजवडी, फेज थ्री. आयटी कंपनीत डिलिव्हरी मॅनेजर होतो, म्हणजे एकाने केलेलं काम दुसऱ्याला वेळेवर का मिळालं नाही हे तिसऱ्याला कॉलवर समजावून सांगायचो. टाईम मॅनेजमेंटवरचं माझं सगळं चिंतन भूमकर चौकातलं आहे, गाडी न्यूट्रलला टाकून केलेलं. मग एक दिवस सोडली नोकरी. नोटीस पिरियड, नॉलेज ट्रान्सफर, केक, आणि शेवटी ग्रॅच्युइटी. तिचा फॉर्म्युला माहितीय ना, शेवटचं बेसिक गुणिले १५ भागिले २६ गुणिले नोकरीची वर्षं. आपल्या उमेदीच्या वर्षांना कुणी पंधरा सव्विसांशाने गुणलेलं बघितलं की कुणालाही तत्त्वज्ञान सुचेल. मला पुस्तक सुचलं.

तसे पन्नाशीला आयटी सोडणाऱ्या पुणेकरापुढे रस्ते फार नसतात. मुळशीकडे शेती, मिसळीचं हॉटेल नाहीतर पुस्तक. शेतीचा निकाल बायकोने एका वाक्यात लावला, "अहो, तुमच्याच्याने कुंडीतली तुळस जगत नाही." मिसळीबद्दल जे बोलली ते इथे लिहीत नाही. पुस्तकाला भांडवल लागत नाही असा तिचा समज होता, आणि तो दूर करायची मला काही घाई नव्हती.

प्रकाशक सदाशिव पेठेत, लाकडी जिना चढून. त्यांनी हस्तलिखित हातात घेतलं, वजन बघितल्यासारखं केलं आणि न उघडता विचारलं, "सूत्रं किती आहेत?" म्हटलं नऊ. "अकरा करा. नऊ खपत नाही." मी वीस वर्षं क्लायंटचे चेंज रिक्वेस्ट घेतलेला माणूस, घरी येऊन रात्री बसलो आणि दोन सूत्रं वाढवली. त्यातलं अकरावं, 'ठामपणे नाही म्हणायला शिका', हे प्रकाशकाला नाही म्हणता न आल्यामुळे लिहिलं गेलेलं आहे. वाचकांना ते सगळ्यात अनुभवातून आलेलं वाटतं.

या धंद्यात काही गोष्टी मात्र मजेशीर कळल्या. पुस्तकाचा आयएसबीएन, म्हणजे त्याचा ओळख नंबर, आपल्याकडे फुकट मिळतो, राजा राममोहन रॉय यांच्या नावाची सरकारी एजन्सी आहे, ती देते. तेरा आकडी, सुरुवात ९७८. अख्ख्या प्रकल्पात फुकट मिळालेली ही एवढीच चीज. आणि १९५४ चा एक कायदा आहे, त्याप्रमाणे छापलेल्या प्रत्येक पुस्तकाच्या प्रती तीस दिवसांच्या आत प्रकाशकाने स्वतःच्या खर्चाने कोलकात्याचं राष्ट्रीय ग्रंथालय आणि मुंबई, चेन्नई, दिल्लीच्या ग्रंथालयांना पाठवायच्या. म्हणजे आपलं पुस्तक कुणी घेवो न घेवो, चार शहरांत ते कायद्याने पोचतं. मी हे आईला कौतुकाने सांगायला गेलो तर ती म्हणाली, "अरे, पण चेन्नईला ते वाचणार कोण?" मातोश्रींना कुठल्याही आनंदातला नेमका खिळा सापडतो.

बाकी पैशाचं म्हणाल तर किंमत ३०० रुपये, रॉयल्टी दहा टक्के. एका पुस्तकामागे ३० रुपये, तेही दुकानात विकलं गेल्यावर, दुकानाने वितरकाला दिल्यावर, वितरकाने प्रकाशकाला दिल्यावर आणि प्रकाशकाला आठवल्यावर. वर्षाची रॉयल्टी ५०,००० च्या वर गेली तरच टीडीएस कापतात. उभा जन्म टीडीएसच्या नावाने बोटं मोडली आणि आता वाटतं, कापा हो एकदा, बघू तरी द्या.

प्रकाशन समारंभ झाला. त्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही, साबुदाणा वडा चांगला होता.

खरा त्रास सुरू झाला तो नंतर. पहिलं प्रकरण पहाटे पाचला उठण्यावर आहे. समोरच्या विंगमधले काका खरोखरच पाचला उठतात, त्यांना पर्याय नाही, प्रोस्टेट आहे, आणि उठले की आधी आमच्या बेडरूमकडे बघतात. "काल पाच पंचवीसला लागला हो तुमचा दिवा." भर लिफ्टमध्ये, चारचौघांत. आता मी पाचचा अलार्म लावतो, उठतो, दिवा लावतो आणि दिव्याच्या उजेडात परत झोपतो. कंपनीत वर्क फ्रॉम होम करताना स्टेटस हिरवा ठेवायचो, तो सराव असा कामी आला.

पार्किंगचं तर विचारूच नका. माझ्या जागेवर एकाने राजरोस आपली एसयूव्ही लावली. मी बाह्या सरसावून खाली गेलो, आवाज चढवणार तेवढ्यात तो शांतपणे म्हणतो, "सर, पान ८८." पान ८८ वर राग आला की दहापर्यंत मोजा असं मीच लिहून ठेवलंय. मी मोजलं. तोपर्यंत तो गाडी लॉक करून वर गेला. माझी गाडी अजून रस्त्यावर आहे आणि तिच्यावर कबुतरं, असो.

घरात तेच. चिरंजीव इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला, एम-थ्री, म्हणजे गणिताचा पेपर, राहिला. मी बोलायला तोंड उघडलं तर त्याने पुस्तकच पुढे केलं, पान ११२, 'अपयश ही फक्त माहिती असते'. "बाबा, तुम्हाला माहिती दिली." आता याच्यावर बाप काय बोलणार, आणि गंमत म्हणजे घरात पूर्ण पुस्तक वाचलेला हा एकटाच. बायको वाचत नाही, तिला सूत्रांचे नुसते नंबर पाठ आहेत. "अहो, सूत्र तीन!" असं स्वयंपाकघरातून आलं की समजायचं, सिलेंडर बुक करायचा राहिलाय.

गणपतीत सोसायटीने भाषणाला बोलावलं. मानधन नाही, नारळ. वेळ महाप्रसादाच्या आधी. "जरा मोटिव्हेशनल बोला, पण पुऱ्या तळून होईपर्यंतच." पुऱ्या लवकर झाल्या.

आता त्या पानांचं सांगतो. छपाईचा हिशोब सोळा पानांच्या फॉर्मवर चालतो. माझा मजकूर संपला पान २२७ वर, म्हणजे चौदा फॉर्म भरून तीन पानं वर. पंधरावा फॉर्म घ्यावाच लागला, म्हणजे २४० पानं, आणि मागे तेरा कोरी राहिली. डीटीपीवाल्या ताई म्हणाल्या, रेघा मारून देते, वर 'माझ्या नोंदी' टाकू. टाकलं. तर सोसायटीबाहेर ज्याच्या ज्याच्या घरी माझं पुस्तक बघायला मिळालं तिथे मजकुराची पानं करकरीत आणि या तेरा पानांवर दुधाचा हिशोब, इस्त्रीचे कपडे, पोळीवाल्या मावशींचे खाडे, एका ठिकाणी तर रमीचे पॉइंट. एका आजींनी मला थांबवून आवर्जून सांगितलं, "फार उपयोगी पुस्तक काढलंत हो. पेन अज्जिबात फुटत नाही मागे."

मग एकदा अप्पा बळवंत चौकात स्वतःच दुकानात गेलो, अनोळखी गिऱ्हाईक बनून. पुस्तक एमपीएससीच्या गाईडांच्या चळतीखाली. काउंटरवरच्या मुलाला विचारलं, हे कसं जातंय? "जातंय की. पोरं अभ्यासिकेत नेतात, मागे रफ वर्कला जागा आहे."

गेल्या आठवड्यात प्रकाशकांचा फोन, दुसरी आवृत्ती काढायची म्हणतायत. मला भरूनच आलं, म्हटलं दोन नवीन प्रकरणं तयार आहेत. "प्रकरणं नकोत हो, नोंदींचे दोन फॉर्म वाढवतोय. पानं तेवढीच ठेवायचीत, तर तुम्ही लिखाण जरा आटपतं घ्या. अकरावं सूत्र आधी काढा, तिथे कॅलेंडर बसतंय."

मी हो म्हटलं.