खोक्यावर ४० मिनिटं, लॉनवर १८: बॅटरी मोअरच्या रिव्ह्यूला दुकानातर्फे उत्तर

नमस्कार साहेब,

आपण दिलेले दोन स्टार आणि त्याखालचा मजकूर वाचला. म्हणणं थोडक्यात असं, की सोसायटीच्या लॉनसाठी आमच्याकडून ३४,००० रुपयांचं बॅटरीवरचं मोअर, म्हणजे गवत कापायचं मशीन, घेतलं, खोक्यावर ४० मिनिटं छापलंय आणि ते बंद पडतं १८ मिनिटांत. जादा बॅटरी घ्यायची तर आणखी १४,०००. शेजारच्या सोसायटीला पेट्रोलचं मशीन २२,०००ला मिळालं. आणि चिरंजीवांचं न्यू जर्सीतलं बॅटरीचं मशीन तासभर चालतं, म्हणजे पुण्यात डुप्लिकेट माल खपवला जातो.

डुप्लिकेटचं आधी बोलू, कारण ते लागलं. बॅटरीवर मोठ्या अक्षरांत ४० व्होल्ट लिहिलेलं असतं, ते पूर्ण चार्ज झाल्या क्षणाचं. कामाचा आकडा ३६, आणि तो बारीक अक्षरांत. ३६ व्होल्ट गुणिले ४ अँपिअर-अवर (बॅटरीची क्षमता) म्हणजे १४४ वॉट-अवर, साठवलेल्या विजेची एवढीच शिदोरी. ती ४० मिनिटं पुरवायची तर मोटरने सरासरी २१५ वॉटच्या आसपास खायला हवं. सुकं, विरळ, आठवड्याला कापलेलं गवत असेल तर तसं होतंही. आपल्या १८ मिनिटांचा हिशेब मांडला तर मोटर ४८० वॉट ओढतेय. दाट ओल्या गवतात मोटर एवढं ओढतेच. खोक्यावरच्या त्या ‘४० मिनिटांपर्यंत’मधला ‘पर्यंत’ कंपन्या मुंगीएवढा छापतात, त्याचा मलाही राग येतो. म्हणूनच आम्ही मिनिटं सांगत नाही. आपल्या बिलावर हाताने लिहिलंय, ‘एका चार्जला अंदाजे २,००० चौरस फूट, पावसाळ्यात कमी’. आपलं लॉन ४,५००चं आहे.

तिकडे अमेरिकेत घरोघरी ५६ व्होल्ट, ७.५ अँपिअर-अवरच्या बॅटऱ्या दिसतात. म्हणजे आपल्यापेक्षा अडीचपटीहून जास्त साठा. शिवाय थंड हवेतलं ते गवत लोक तीन-तीन इंच उंच ठेवतात, वरचे शेंडे तेवढे छाटतात. आपल्याला हरळी हवी गालिच्यासारखी, इंचभर.

आता आपण टाकलेला फोटो. जुलैचा पाऊस, गवत पोटरीपर्यंत, आणि उंचीचा लिव्हर सगळ्यात खालच्या खाचेत. अशा गवतात पेट्रोलचं इंजिनसुद्धा घुसमटतं, फक्त ते आवाज करून सांगतं. गवताच्या उंचीचा एक तृतीयांशच एका वेळी कापायचा, हा नियम लॉनसाठी आहे तसाच बॅटरीसाठीही आहे. माळीदादांना सांगा, आधी वरच्या खाचेवर एक फेरी, दोन दिवसांनी खाली. सकाळी दंवात नाही, उघडीप मिळेल तेव्हा दुपारी. आणि डेकखाली, म्हणजे पात्यावरच्या झाकणाच्या आत, चिकटलेला चोथा दर वेळी खरवडून काढायचा. हात घालण्याआधी बॅटरी बाहेर, यात चालढकल नको. फोटोत गवताची टोकं कापल्यासारखी नाही, फाटल्यासारखी पांढरी दिसताहेत. पात्याची धार गेली आहे. बोथट पातं गवत ओरबाडतं आणि मोटर बॅटरी पिऊन टाकते.

चार्जर ‘अर्धा तास नुसता लाल दिवा दाखवतो’ असंही आपण लिहिलंय. लॉनवरून काढलेली गरम बॅटरी तशीच लावली की तो ती गार होण्याची वाट बघतो. तो बिघाड नाही.

पैशाच्या मुद्द्यावर मात्र मी आपल्या बाजूचा आहे. पेट्रोलच्या मशीनला दर वेळी साधारण ०.६ लिटर पेट्रोल, वर्षाला पस्तीसेक वेळा कापणी, म्हणजे २,२०० रुपये. ऑइल, प्लग, फिल्टर धरून आणखी दीड हजार. एका कापणीला बॅटरीचं दोन्ही चार्जिंग मिळून अर्धं युनिटही लागत नाही. युनिटला १२ रुपये धरा, वर्षाचं बिल दोनशेच्या आत. म्हणजे वर्षाला साडेतीन हजार वाचतात. दोन बॅटऱ्यांसह आपला फरक २६,०००चा आहे, तो भरून निघायला सात वर्षं लागतील, आणि तोवर पहिली बॅटरी थकलेली असेल. नुसत्या रुपयांत पेट्रोल जिंकतं. हे मी कमिटीसमोर बोललो होतो. तेव्हा आपल्याच सभासदांनी दोन कारणं दिली होती. रविवारी सकाळी इंजिनाचा आवाज नको आणि पार्किंगमध्ये पेट्रोलचा कॅन नको. दोन्ही रास्त आहेत. त्यात माझ्याकडून एक भर, उन्हाळ्यात दोन महिने उभं राहिलेलं पेट्रोल मशीन कार्ब्युरेटर चिकटून आमच्या वर्कशॉपला येतं. शेजारच्यांचंही येईल.

इतर वाचणाऱ्यांसाठी सांगतो. हजार-बाराशे चौरस फुटांचं बंगल्याचं लॉन आणि जवळ प्लग असेल तर वायरवरचं इलेक्ट्रिक मोअर घ्या, त्यात आमचा नफा कमी आणि तुमचा त्रासही. फक्त वायर खांद्यावरून मागे सोडायची सवय हवी. पाव एकराच्या पुढे पेट्रोल. बॅटरीची जागा या दोन्हींच्या मधे आहे.

परत घेण्याची आपली मागणी मान्य करता येणार नाही. मशीन तीन महिने वापरलेलं आहे. जादा बॅटरीही आत्ता घेऊ नका. एका दिवशी पुढचं लॉन, दुसऱ्या दिवशी मागचं, एवढ्याने भागेल. माळीदादांबरोबर मशीन, बॅटरी आणि चार्जर पाठवा. पात्याला धार आणि बॅलन्सिंग करून देतो, पैसे नाहीत. बॅटरी लोडवर लावून क्षमता त्यांच्यासमोर मोजू. ती छापील आकड्यापेक्षा ठळकपणे कमी भरली तर वॉरंटीचा क्लेम आम्हीच भरू, कंपनीकडे आपल्याला हेलपाटे नाहीत. गुरुवारी दुकान बंद असतं. बाकी दिवशी ११ नंतर या, त्याआधी मेकॅनिक साइटवर असतो.