फ्लॅटवरचा जीएसटी कमी झालेला नाही, आधी हे वाचा

गेले काही दिवस बेळगावातल्या टिळकवाडी, शहापूरच्या ग्रुपवर एक मेसेज फिरायलाय, की बिल्डरांच्या संघटनेची मागणी मान्य झाली आणि आता ४५ लाखांच्या वरच्या फ्लॅटलाही १ टक्काच जीएसटी. हे खोटं आहे. क्रेडाई, म्हणजे बिल्डरांची ती संघटना, ४५ लाखांची मर्यादा वाढवा म्हणून खूप दिवस मागे लागलीय हे खरं, पण मागणी म्हणजे निर्णय नव्हे हो!

२२ सप्टेंबर २०२५ पासून सिमेंटचा जीएसटी २८ वरून १८ वर आला, बहुतेक त्यातूनच कुणीतरी हे जुळवलंय. फ्लॅटचा दर त्यात बदलला नाही, तो १ एप्रिल २०१९ पासून आहे तोच. बांधकाम चालू असेल तर ४५ लाखांपर्यंत आणि आपल्या बेळगावात कार्पेट एरिया (भिंतींच्या आतली वापरायची जागा) ९० चौरस मीटरपर्यंत, दोन्ही बसलं तरच १ टक्का, नाहीतर ५. कंप्लिशन सर्टिफिकेट (बांधकाम पूर्ण झाल्याचा दाखला) मिळाल्यावर घेतला तर जीएसटी नाहीच.

आमच्या शेजारच्या काकूंनी ४८ लाखांच्या फ्लॅटसाठी वहीत ४८ हजार धरले होते, खरे होतात २ लाख ४० हजार, त्यांचा चेहराच उतरला बघा. तेवढ्यासाठीच हे लिहायलोय.

आणखी एक, बाईच्या नावावर १ टक्का स्टॅम्प ड्युटी माफ हे कोल्हापूरकडच्या पाहुण्यांना लागू, महाराष्ट्राचा नियम आहे तो. आपल्याकडं कर्नाटकात उलट ३१ ऑगस्ट २०२५ पासून नोंदणी फी १ वरून २ टक्के झालीय, ती हिशेबात धरा.