ॲल्युमिनियम गंजत नाही म्हणून रिॲक्टिव्हिटी सिरीजच चुकीची? थांबा जरा

रिॲक्टिव्हिटी सिरीज म्हणजे धातूंची क्रमवारी, जास्त क्रियाशील धातू वर, आणि वरचा खालच्याला त्याच्या संयुगातून हटवतो. त्यावरून दहावीच्या पोरांमध्ये एक मेसेज फिरतोय: 'गॅलरीचं लोखंडी ग्रिल गंजतं, बाजूची ॲल्युमिनियमची खिडकी तशीच, तरी पुस्तकात ॲल्युमिनियम वर. मोरचुदाच्या (कॉपर सल्फेटच्या) पाण्यात लोखंडी खिळा लाल होतो, ॲल्युमिनियमला काही होत नाही. तांबं तर हायड्रोजनच्याही खाली, ताक खुशाल तांब्यात ठेवा. सिरीज फक्त मार्कांपुरती पाठ करा.'

आधी खिडकी. ॲल्युमिनियम हवेतला ऑक्सिजन इतक्या झटकन पकडतं की कापल्या कापल्या त्यावर ऑक्साइडचा थर बसतो, जेमतेम काही नॅनोमीटरचा, पण घट्ट, आणि तोच आतल्या धातूला झाकून ठेवतो. लोखंडाचा गंज भुसभुशीत, पापुद्रे सुटतात, आत परत हवा-पाणी शिरतं. म्हणजे तुम्ही तुलना थरांची केलीत, धातूंची नाही. धातूंची झटापट बघायची तर रेल्वेचे रूळ जोडताना बघा, ॲल्युमिनियमची पूड नि लोखंडाचा ऑक्साइड पेटवतात, ॲल्युमिनियम ऑक्सिजन हिसकावून घेतं, तापमान 2000 अंशांच्या वर जातं आणि वितळलेलं लोखंड सरळ साच्यात. शिवाय लोखंड कोळशावर हजारो वर्षं काढतायत, ॲल्युमिनियम मात्र 1886 मध्ये विजेनं काढायची रीत सापडेपर्यंत महागच होतं, ते ऑक्सिजनला सोडतच नाही ना.

मोरचुदाचा मुद्दा बरा आहे, कुणीतरी खरंच करून बघितलंय. आता त्याच ग्लासात चिमूटभर मीठ टाका (मोरचूद विषारी, हात धुवा). मिठातलं क्लोराइड तो थर फोडतं, मग ॲल्युमिनियमवर तांबं चढायला लागतं, निळा रंग उतरतो आणि ग्लास चक्क गरम होतो. खिळा लाल होतो कारण लोखंड मोरचुदातल्या तांब्याला हटवतं, हे तर द्राक्षबागायतदाराला विचारा, बोर्डो मिश्रण (मोरचूद नि चुन्याची फवारणी) झालं की त्यात चकचकीत विळा बुडवतात, पात्यावर तांबूस थर आला की अजून चुना हवा.

ताकाचं मात्र डेंजर आहे. तांबं ॲसिडमधून हायड्रोजन काढत नाही, बरोबर, पण हवेतला ऑक्सिजन असतोच की, त्यानं तांब्याचा ऑक्साइड होतो, तो आंबटात विरघळतो आणि ताक कळकतं, आज्जीला विचारा. सिरीज सांगते कोण कुणाला हटवतं, पोटाला काय चालतं ते नाही. कल्हई कथलाची (टिनची) असते आणि कथील सिरीजमध्ये तांब्याच्या वर आहे, तरी भांड्याला आतून तीच लावतात.